सालबाईचं सहावं कलम

गेल्या अंकात बारभाईंच्या कारस्थानावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांतली बहुतेक एकाच माणसाभोवती फिरतात: रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा. पुतण्याच्या खुनाचा डाग लागलेला, गादी गेलेला, इंग्रजांच्या आश्रयाला गेलेला हा पेशवा शेवटी राहिला कुठे, कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या शब्दावर? शाळेत इतिहास शिकवत असताना मराठे आणि इंग्रज यांच्यातल्या १७८२ च्या सालबाईच्या तहातलं रघुनाथरावांचं कलम मी मुलींना फळ्यावर लिहून द्यायचे आणि विचारायचे, "यात काय नाही ते सांगा." म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

कोपरगावहून एक वाचक लिहितात: आमच्या गावात राघोबादादांचा वाडा आहे. ते इथे कैदेत होते की आपल्या मर्जीने राहत होते? आणि कोपरगावच का?

बेड्या नव्हत्या, पण वाटेल तिकडे जायची मुभाही नव्हती. ते राहत होते ते दोन सरकारांनी मिळून आखलेल्या रेषेच्या आत. ही रेषा एका दमात आखली गेली नाही. तिला सात वर्षं आणि तीन कागद लागले.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, रघुनाथरावांचे पुतणे पेशवे नारायणराव यांना मारलं आणि गादी रघुनाथरावांकडे गेली. पण नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभारी (हेच बारभाई) एकत्र आले, गंगाबाईंना पुरंदरावर नेलं, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तिथे मुलगा झाला. अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळाला, सवाई माधवरावांना, पेशवाईची वस्त्रं मिळाली. रघुनाथरावांच्या पायाखालची जमीन तिथेच गेली. ते गुजरातेत उतरले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला: साष्टी, वसई द्यायची, आणि बदल्यात इंग्रजांनी अडीच हजारांची फौज द्यायची. तिचा खर्च महिना दीड लाख रुपये, तोही रघुनाथरावांनीच सोसायचा.

कलकत्त्याच्या कौन्सिलला हा तह मान्य नव्हता. त्यांनी कर्नल अप्टनला पाठवलं आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. कोपरगावचं नाव पहिल्यांदा इथे येतं. रघुनाथरावांनी महिनाभरात फौज मोडावी, गोदाकाठी कोपरगावी राहावं, दरमहा २५,००० रुपये घ्यावेत. सोबत एक हजार स्वार आणि स्वतः निवडलेले दोनशे नोकर. हे स्वार हुकूम रघुनाथरावांचा पाळणार, पण पगार पुण्याच्या कारभाऱ्यांकडून घेणार. म्हणजे तोच इतमाम आणि तोच पहारा. ज्याने कोणी हे शब्द घातले त्याच्या अकलेला दाद द्यायला हवी.

कोपरगावच का, याचं उत्तर कागदात नाही. माझा कयास असा: गोदावरीकाठ रघुनाथरावांना प्रिय होता. थोरल्या माधवरावांच्या काळातही ते रुसून बसले की नाशिकजवळ आनंदवल्लीला जाऊन राहत. शिवाय कोपरगाव मुंबई-सुरतेच्या इंग्रजी तोफांपासून दूर आणि पेशव्यांच्या मुलखात पक्कं आत. रघुनाथरावांनाही नाही म्हणायला जड जावं आणि नानांनाही रात्री झोप यावी, अशी जागा.

रघुनाथराव मात्र तयार झाले नाहीत. त्यांनी तो तह धुडकावला आणि सुरतेहून मुंबईला गेले. तिथे इंग्रजांनी त्यांना ठेवून घेतलं. कोपरगाव सहा-सात वर्षं कागदावरच राहिलं.

मग १७७८ च्या अखेरीस मुंबईकर त्यांना घेऊन घाट चढून आले, तळेगावपर्यंत पोचले, माघारी फिरले आणि वडगावला कोंडले गेले. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना तिथे मानहानीचा करार करावा लागला. रघुनाथराव महादजी शिंद्यांच्या छावणीत गेले. महादजींनी त्यांची रवानगी बुंदेलखंडाकडे केली. वाटेत नर्मदेच्या परिसरात पहारा मोडून ते निसटले आणि पुन्हा गुजरातेत इंग्रजांकडे.

आता तिसरा कागद. १७ मे १७८२, ग्वाल्हेरजवळचं सालबाई, महादजींचा तळ. इंग्रजांकडून डेव्हिड अँडरसन, पेशव्यांकडून खुद्द महादजी. सतरा कलमांतलं सहावं कलम रघुनाथरावांचं. त्याचा आशय माझ्या शब्दांत असा: तह मंजूर झाल्यापासून चार महिन्यांत रघुनाथरावांनी राहण्याची जागा ठरवावी. ती मुदत संपली की इंग्रज त्यांना आश्रय देणार नाहीत, मदत करणार नाहीत, खर्चाला पैसाही देणार नाहीत. ते आपखुशीने महादजींकडे जाऊन स्वस्थ राहिले तर पेशवे त्यांना दरमहा २५,००० रुपये देतील आणि पेशव्यांकडून किंवा त्यांच्या माणसांकडून त्यांना कसलाही अपाय होणार नाही.

पुरंदरच्या तहाशी हे ताडून पाहा. रक्कम तीच, एक रुपयानेही वाढलेली नाही. हजार स्वार गेले. आणि एक नवी गोष्ट आली: इंग्रजांनी आपलं दार लावून घेण्याचं वचन दिलं, तेही तारखेसह. मला हे कलम सगळ्या तहाचा कणा वाटतं तो याच वाक्यासाठी. पुरंदरच्या कागदात घर होतं, पैसा होता, पहारा होता, पण मुंबईचं दार उघडं होतं. उघडं दार दिसत असताना कोण कोपरगावला जाऊन बसेल? महिना दीड लाख खर्चाच्या फौजेची स्वप्नं पाहणाऱ्याला २५ हजारांची नेमणूक तेव्हाच पुरते, जेव्हा दुसरीकडून दमडीही येणार नसते.

रघुनाथराव अखेर महादजींच्या छावणीत राहायला गेले नाहीत. गोदाकाठच त्यांनी पत्करला, आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी तुमच्याच परिसरात त्यांचा अंत झाला. वय पन्नाशीच्या आतलं.

सोलापूरहून एका वाचक भगिनींचा संताप: ज्याच्यावर पुतण्याच्या खुनाचा ठपका, त्याला दरमहा पंचवीस हजार? नाना फडणीसांसारख्या माणसाने हे मान्य तरी कसं केलं? हा न्याय म्हणायचा का?

नाही. हा न्याय नव्हता आणि तसं कोणी त्या कागदात म्हटलेलंही नाही. मी मुलींना विचारायचे तो प्रश्न हाच. सतरा कलमं आहेत, भडोच आहे, गायकवाड आहेत, हैदरअली आहे, फ्रेंचांना दूर ठेवण्याची तजवीज आहे. नारायणरावांचं नाव नाही. ज्या एका दिवसामुळे हे सारं घडलं त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही.

आणि न्याय सांगणारा माणूस जिवंत होता, हे विसरू नका. रामशास्त्री प्रभुण्यांनी खुनाची चौकशी केली, दोष रघुनाथरावांकडे जातो असं सांगितलं, देहांत प्रायश्चित्त उच्चारलं आणि पुणं सोडलं. पुढे बारभाईंनी त्यांना सन्मानाने परत न्यायासनावर आणलं. ते १७८९ मध्ये वारले. म्हणजे सालबाईला रघुनाथरावांच्या जिवाला अपाय न करण्याची हमी लिहिली जात होती तेव्हा, त्यांना देहांत सांगणारे न्यायाधीश पुण्यातच काम पाहत होते. त्यांचा निर्णय कोणी फिरवला नाही आणि कोणी बजावलाही नाही. तहाने त्याला वळसा घातला. मी हे वर्गात सांगायचे तेव्हा दरवेळी एखादी मुलगी तरी "मग उपयोग काय?" म्हणून उठायची, आणि तिचा प्रश्न रास्त होता.

प्रत्यक्ष मारेकऱ्यांपैकी काहींना बारभाईंनी पुढे शोधून देहदंड दिला. मोठ्या माणसाला नेमणूक आणि हाताखालच्यांना मृत्यू, हे वाचताना मला आजही राग येतो. तो यायलाच हवा.

तरी नानांचा विचार समजून घ्यावा लागेल. १७८२ मध्ये रघुनाथराव नानांच्या हातात नव्हते, इंग्रजांच्या आश्रयाला होते. आश्रयाला आलेल्याला मारण्यासाठी परत करणं कोणत्याही दरबाराला नामुष्कीचं वाटतं. "अपाय होणार नाही" हे शब्द नसते तर इंग्रजांनी दार लावण्याचं वचन दिलंच नसतं. नानांसमोर दोन वाटा होत्या: जिवाची हमी देऊन त्यांना आपल्या हद्दीत आणणं, किंवा दर दोन-तीन वर्षांनी त्यांचं नाव पुढे करून चाल करणाऱ्या परकी फौजेशी लढत राहणं. या एका माणसाच्या हक्काचं निमित्त करून गुजरातेतल्या अडासपासून बोरघाटापर्यंत किती माणसं मेली असतील! आठ वर्षांच्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालवणाऱ्या नानांनी पहिली वाट धरली.

खरी संधी हुकली ती आधीच, वडगावला. तेव्हा रघुनाथराव मराठ्यांच्याच छावणीत होते, हरलेले, फौजेविना. त्यांना पुण्याला आणून रामशास्त्र्यांसमोर उभं करता आलं असतं. महादजींनी त्यांना नानांच्या ताब्यात दिलं नाही. महादजींना आपल्या हातात एक पेशवा हवा होता, नानांशी बोलताना तो उपयोगी पडणार होता. महादजींच्या पराक्रमाबद्दल मला अपार आदर आहे, पानिपतानंतर मराठ्यांचा दबदबा उत्तरेत परत बसवणारा तो पुरुष. पण नारायणरावांच्या खुनाचा न्याय जर कुठे अडला असेल तर तो त्यांच्या तंबूच्या दारात अडला, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन वर्षांनी त्याच महादजींनी तहात पेशव्यांचे वकील आणि दोन्ही पक्षांचे जामीन अशा दोन्ही भूमिका घेतल्या, आणि नानांना ते आयुष्यभर सललं.

नाशिकच्या वाचक विचारतात: आनंदीबाईंचं आणि मुलांचं काय झालं? तहात त्यांचा उल्लेख आहे का?

रघुनाथरावांचं कलम फक्त रघुनाथरावांबद्दल बोलतं. त्यांच्या पश्चात काय, हे त्यात नाही. आणि ते लगेच घडलं. १७८३ च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा आनंदीबाई गरोदर होत्या, बाजीराव जेमतेम नऊ वर्षांचा होत आला होता, दत्तक अमृतराव त्याच्याहून मोठा. चिमाजीअप्पाचा जन्म बाप गेल्यानंतरचा, १७८४ चा.

हे कुटुंब पुढची वर्षं नानांच्या नजरेखाली राहिलं. कोपरगावहून आनंदवल्लीला, म्हणजे तुमच्या नाशिकला. १७९४ मध्ये आनंदीबाई वारल्या आणि मुलांना जुन्नरकडे आणखी कडक बंदोबस्तात हलवलं गेलं. आनंदीबाईंनी खुनाच्या हुकमात फेरफार केला ही कथा घराघरात आहे, तिचा या तहाशी संबंध नाही, म्हणून ती इथे घेत नाही. एवढं मात्र सांगते: ज्या मुलांनी कोणताच गुन्हा केला नव्हता त्यांचं सारं बालपण पहाऱ्यात गेलं. खुनाच्या दिवशी बाजीरावाचा जन्मही झाला नव्हता. तो धारच्या किल्ल्यातला, जानेवारी १७७५ चा. बापासाठी निदान एक कलम होतं, एक जामीन होता, एक ठरलेली रक्कम होती. या पोरांच्या हक्काचं कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि वर्षभराच्या ओढाताणीनंतर याच मुलाला पेशवा करावं लागलं. ज्याला कारभार, फौज, मुलूख यांतलं काहीही मोकळेपणाने पाहू दिलं नव्हतं, त्याच्या हाती सगळं राज्य आलं. दुसऱ्या बाजीरावांना दोष देताना हे आपण सोयीने गाळतो.

नांदेडचा एक विद्यार्थी: दुसऱ्या बाजीरावांना ब्रह्मावर्तात आठ लाखांचं पेन्शन मिळालं. तोही तसाच करार मानायचा का?

चांगला प्रश्न, आणि परीक्षेपुरता नाही. वरवर पाहता बापाची गोष्ट मुलाच्या वाट्याला आली. जून १८१८ च्या सुरुवातीला अशीरगडाच्या परिसरात बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. अटी अशा: पुण्याच्या राज्यावरचा सगळा हक्क सोडायचा, कुटुंबासह उत्तरेत गंगाकाठी राहायचं, वर्षाला आठ लाखांहून कमी नाही अशी नेमणूक घ्यायची. रघुनाथरावांना वर्षाला तीन लाख, बाजीरावांना आठ. कंपनीच्या वरिष्ठांना ही रक्कम फार वाटली आणि माल्कमला त्याबद्दल बोल ऐकावे लागले. कानपूरजवळचं बिठूर ऊर्फ ब्रह्मावर्त ही जागा ठरली.

फरक जामिनाचा आहे. सालबाईला देणारे पेशवे, आश्रय काढून घेणारे इंग्रज आणि मध्ये उभे महादजी. कोणी शब्द मोडला तर ज्याच्याकडे जाऊन बोलता येईल असा तिसरा माणूस होता. १८१८ मध्ये राज्य घेणारी कंपनी, पैसे देणारी कंपनी, पहारा ठेवणारी कंपनी आणि हमी देणारीही कंपनीच. बाजीराव १८५१ पर्यंत जगले तोवर पैसे मिळाले. ते गेले आणि नेमणूक थांबली. दत्तक नानासाहेबांनी अर्ज केले, आपला वकील अजीमुल्ला खानाला थेट लंडनला पाठवलं. निकाल बदलला नाही. दाद मागायची ती ज्याच्याविरुद्ध त्याच्याकडेच मागायची होती. १८५७ ला कानपुरात जे झालं त्याची एकच एक कारणमीमांसा करू नकोस, पण या अर्जांचं प्रकरण त्यात धर.

ठाण्याहून एक वाचक: अशी "घर द्या, पैसे द्या, पण परत येऊ नका" पद्धत इतरत्रही आहे का?

भरपूर आहे. दोनच उदाहरणं देते, दोन्ही सालबाईच्या मापाने मोजण्यासारखी. एप्रिल १८१४ मधल्या फोंतेनब्लोच्या तहाने नेपोलियनला एल्बा बेट, बादशहा हा किताब आणि फ्रान्सच्या तिजोरीतून वर्षाला वीस लाख फ्रँक ठरले. परत आलेल्या बूर्बाँ राजाने ती रक्कम दिली नाही. १ मार्च १८१५ रोजी नेपोलियन फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. तो केवळ पैशासाठी आला असं मी म्हणणार नाही, पण ठरलेला तनखा बुडवून त्याच्या हाती कारण कोणी दिलं?

दुसरं आपल्या काळातलं. लायबेरियाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर ऑगस्ट २००३ मध्ये पद सोडून नायजेरियातल्या कालाबारला गेले. यादवी थांबावी म्हणून शेजारी देशांनी मिळून ही वाट काढली होती. पण सिएरा लिओनमधल्या अत्याचारांसाठी तिथल्या विशेष न्यायालयाने त्यांच्यावर आधीच आरोप ठेवले होते, आणि ते न्यायालय या समझोत्याला बांधलेलं नव्हतं. मार्च २००६ मध्ये त्यांना पकडून सोपवण्यात आलं, २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली. यावर एक आक्षेप घेतला जातो: आश्रयाचा शब्द असा मोडला तर उद्या कोणता हुकूमशहा गादी सोडेल? आक्षेपात तथ्य आहे. तरीही सोलापूरच्या भगिनींच्या पत्रानंतर मला वाटतं, सिएरा लिओनमध्ये हातपाय तोडलेल्या माणसांना निदान एक न्यायालय मिळालं. नारायणरावांना जे मिळालं होतं ते कोणी चालू दिलं नाही.

रत्नागिरीहून: सालबाईच्या तहाचं साल काही पुस्तकांत १७८२, काहींत १७८३ दिसतं. बरोबर कोणतं?

दोन्ही. १७ मे १७८२ ला सालबाईला करार ठरला. जूनमध्ये कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जने मंजुरी दिली. नाना मात्र थांबून राहिले, कारण कर्नाटकात हैदरअली इंग्रजांना झुंजवत होता आणि तो जिंकला तर साष्टीसुद्धा परत मागता आली असती. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला. त्याच महिन्यात पुण्याहून मंजुरी निघाली, आणि मंजूर प्रतींची देवघेव फेब्रुवारी १७८३ मध्ये झाली. परीक्षेत १७८२ लिहा. रघुनाथरावांचे चार महिने मात्र मंजुरीपासून मोजायचे होते, त्यामुळे इंग्रजांचं दार त्यांच्यासाठी बंद झालं ते १७८३ च्या मध्याला.